मास्तरांची अवघड भाषा

मास्तर तोंडात टाचण्या धरून बोलायचे. टाचणी पडायची नाही आणि शब्द अडायचा नाही. गिऱ्हाईक दारात आलं की आधी त्याच्या खांद्यांकडे बघायचे, चेहऱ्याकडे नंतर. खडू कानावर ठेवायचे आणि मग तोच खडू सगळं दुकान पालथं घालून शोधायचे. कात्री कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. टेबलावर ठेवायचे, ज्याला हवी त्याने उचलावी. रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या बाईला मधूनमधून 'बरं', 'असं का' म्हणायचे, नाहीतर तिला एकटं वाटेल म्हणून. चिंध्या रंगवार वेगळ्या ठेवायचे, आणि त्यांचं पुढे काय करायचं हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही. आणि बोलता बोलता मध्येच अंगठ्याने टेप चोळत उभे राहायचे, त्यावरचे आकडे पुसून टाकायचे असल्यासारखे.

हे शेवटचं सवयींत मोडत नव्हतं. पण ते कळायला वहिनींना फार वर्षं लागली.

दुकान शिंप्याचं, अरुंद. पुढे कापायचं टेबल, मागे खिडकीखाली वहिनींचं मशीन, मध्ये पडदा, पडद्यामागे उभा आरसा. दुकान मुळात मास्तरांच्या मोठ्या भावाचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं. तो भर उमेदीत गेला. तेव्हा मास्तर नुकते कापायला शिकलेले आणि वहिनींना काज-बटणापलीकडे काही येत नव्हतं. आता हे दुकान बसणार, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. ते बसलं नाही. मास्तर कापत गेले, वहिनी शिवत गेल्या. मास्तरांनी लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणत, साऱ्या जगाची मापं घेतली, माझ्या मापाचं कुणी भेटलं नाही. मागून वहिनी म्हणत, भेटली होती की, पण भावजींचं बोलणं संपेपर्यंत ती दुसऱ्या घरी जाऊन दोन पोरांची आई झाली.

दोघांची एक चोरटी भाषा होती. शाळेतली पोरं बोलतात ती, च-ची. शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढे च लावायचा. माणूस समोर उभा असताना त्याचं पोट सुटलंय हे त्याच्या तोंडावर कसं सांगणार? मास्तर टेप गुंडाळत, कमालीच्या गंभीरपणे म्हणत, 'चटपो चटलंयसु.' वहिनी मान वर न करता कंबरेला दोन बोटं कापड जास्त धरत. एकदा दातांचे डॉक्टर म्हणाले की मास्तर, तुमच्या घरची बोली कानाला फार गोड लागते. त्या दिवशी वहिनींना मशीन चालवणं अशक्य झालं. सुई सारखी घसरत होती.

याच दातांच्या डॉक्टरांच्या कोटाचं माप चाललं होतं, तेव्हाची गोष्ट. छाती झाली, कंबर झाली. बाहीपाशी आल्यावर मास्तर वहिनींकडे वळले आणि काहीतरी बोलले. लांबलचक, छान चालीत, शेवटी प्रश्न असल्यासारखा सूर. वहिनींनी मनात अक्षरं पुढची मागे, मागची पुढे करून पाहिली. हाती काही लागलं नाही. भावजींनी भाषा आणखी अवघड केली म्हणायची, असं वाटून त्या पोट धरून हसल्या. डॉक्टरही हसले. मास्तरांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तेही हसले, जरा उशिरा. थोडा वेळ टेप चोळत उभे राहिले. मग म्हणाले, हां, तर बाही.

आधी हे क्वचित व्हायचं, मग वरचेवर व्हायला लागलं. मघाशी काय म्हणालात, असं वहिनी नंतर विचारत. मास्तर म्हणत, कळलं नाही ना, मग झालं तर. चोरटी भाषा कळायला लागली तर ती चोरटी कसली? आसपासच्या दुकानांतही या अवघड भाषेचा बोलबाला झाला. समोरचा दोरेवाला रिकामा असला की येऊन म्हणायचा, मास्तर, ते अवघड-अवघड बोला ना जरा. मास्तर म्हणत, ते फर्माईश केल्यावर येत नाही.

ते अगदी खरं सांगत होते, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एका दुपारी वहिनी अस्तराचं कापड आणायला बाजारात गेल्या. राखाडीत दोन छटा निघाल्या. त्यांनी दुकानात फोन लावून विचारलं, निळसर घेऊ की मातकट? पलीकडून मास्तरांनी अवघड भाषा सुरू केली. वहिनी हसल्या आणि म्हणाल्या, समोर कोण उभं आहे एवढं? त्यावर पुन्हा तेच. मग नुसता श्वास. वहिनींनी वैतागून दोन्ही छटा घेतल्या आणि तणतणत परत आल्या.

शटर अर्धं खाली होतं. जेवणाच्या सुट्टीची पाटी बाहेर लटकत होती. मास्तर टेबलाशी बसले होते, फोन बाजूला तसाच पडलेला, समोर डबा उघडलेला, पण हात न लावलेला. पडद्यामागे कुणी नव्हतं. कुणी येऊन गेल्याची काही खूणही नव्हती.

पिशवी खाली ठेवायच्या आधी वहिनींनी विचारलं.

'भावजी, दुकानात कुणी नव्हतं. मग चोरून कुणापासून बोलत होता?'

मास्तरांनी आधी एखादा विनोद शोधला. तो सापडला नाही. मग त्यांनी सांगून टाकलं.

ते आपोआप यायचं. आधी दुसऱ्याचं बोलणं जायचं. समोरचा बोलतोय हे दिसायचं, पण ऐकू यायचं ते नुसतं भांडी घासल्यासारखं. आपण मात्र नीट बोलतोय असं त्यांना वाटत राहायचं. लोकांचे चेहरे पाहिले की कळायचं की काहीतरी भलतंच बाहेर पडलंय. पहिल्यांदा झालं तेव्हा ते भयंकर घाबरले होते. तेवढ्यात वहिनी हसल्या, डॉक्टर हसले. मास्तरांना वाटलं, सुटलो. तेव्हापासून त्यांनी तो विनोद धरून ठेवला.

वहिनी ऐकत राहिल्या. त्यांच्या मनात एकच घोळत होतं, की हा माणूस इतकी वर्षं आपल्यासमोर बुडत होता आणि आपण टाळ्या देत होतो. त्या दिवशी त्या मशीनवर बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून त्यांनी मास्तरांना इस्पितळात नेलं. मास्तर रस्ताभर सांगत होते की दाढदुखीसारखं असतं हे, दारापर्यंत गेलं की थांबतं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि ऐकून घ्यायची त्यांना घाई नव्हती. त्या म्हणाल्या, हे मिरगीचे झटके आहेत. मास्तरांना पटेना. झटका म्हणजे माणूस पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. आपण तर उभ्याचे उभे असतो. बाई म्हणाल्या की सगळेच झटके माणसाला पाडत नाहीत. काही नुसते त्याचे शब्द उचलून नेतात आणि थोड्या वेळाने परत आणून ठेवतात.

गोळ्या सुरू झाल्या. काही काळ बरं गेलं. मग झटके पुन्हा यायला लागले, आणि आता मागाहून उजवा हातही आखडू लागला. एकदा मास्तर पाठीवर इस्त्री ठेवून उभे राहिले. पाठ म्हणजे कोटाची. माणूस आत नव्हता हे नशीब. कापड धुमसत होतं, वहिनी ओरडत होत्या, आणि मास्तर शांतपणे त्यांच्याकडे बघत होते. त्या दिवसापासून वहिनींनी कात्री स्वतःच्या मशीनच्या खणात ठेवली. मास्तर दारातल्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलू लागले. पण वाक्य सुरू करताना ते आता जरा थांबत, पाण्यात पाय टाकण्याआधी माणूस थांबतो तसे.

डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेचं सुचवलं. झटका जिथून निघतो तेवढा बोटभर भाग काढून टाकला तर झटके थांबू शकतात. पण त्यात मोठी मेख होती. झटक्यात पहिल्यांदा बोलणंच जातं, याचा अर्थ ती खराब जागा कदाचित बोलण्याच्या जागेतच असेल. तशी असेल तर त्या सुरी लावणार नव्हत्या. झटके जातील, पण त्यांच्याबरोबर शब्दही जातील, कायमचे.

मास्तर म्हणाले, 'म्हणजे मी बरा होईन, पण माझ्यात मी नसेन.'

विनोद असावा तसं ते म्हणाले. कुणी हसलं नाही.

जागा नक्की करायला एक तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी ती कागदावर डोकं काढून समजावली. झटका सुरू होतो त्या जागेला एकाएकी भरमसाट रक्त लागतं, म्हणून सगळीकडचं रक्त तिकडे धावतं. नेमक्या त्या क्षणी शिरेत एक औषध सोडायचं. ते रक्ताबरोबर जातं आणि जिथे गर्दी असेल तिथे चिकटून बसतं. मग सावकाश फोटो काढला तरी त्या क्षणाचं चित्र मिळतं. पण क्षण चुकला, उशीर झाला, तर रक्त दुसरीकडे पसरलेलं असतं आणि चित्र खोटं बोलतं. डोक्याला लावलेल्या तारांवर झटका दिसतो, पण मास्तरांच्या तारा उशिरा बोलत. त्यांच्या आधी मास्तरांचं बोलणं बिघडे. म्हणजे झटका पकडायचा तर बोलण्यातच पकडायला हवा होता. मास्तरांना सतत बोलतं ठेवायचं, आणि बोलणं बिघडलं की त्याच घटकेला सुई.

बोलत राहायचं काम आहे ना, मास्तर म्हणाले, मग माझ्याहून लायक माणूस तुम्हाला मिळणार नाही.

खोलीत एक खाट होती, छताच्या कोपऱ्यात कॅमेरा, भिंतीवर पडदा आणि त्यावर सरकत्या रेषा. गोळ्या कमी केल्या होत्या, झटका यावा म्हणून. ज्या गोष्टीपासून इतकी वर्षं लपलो तिला आता पाट मांडून बोलावतोय, असं मास्तर म्हणाले. डोक्यावर तारांचा आणि पट्ट्यांचा एवढा मोठा गोळा होता की आरशात पाहून ते म्हणाले, याला कॉलर लावायची तर कापड पुरणार नाही. त्यांच्या हातात नळी आधीच बसवलेली. उशाशी सिस्टर. तिच्या बाजूला शिशाची जाड डबी आणि डबीत ते किरणं सोडणारं औषध. औषध रोज सकाळी ताजं यायचं आणि दुपारनंतर त्याचा जोर उतरायचा. मग ते टाकून द्यावं लागे. एका दिवशी एकच सुई. वहिनी समोर खुर्चीवर. भाषा ओळखणारं माणूस म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांना मुद्दाम बसवलं होतं. वहिनींना ते ऐकून लाज वाटली होती. जिने एवढी वर्षं ओळखलं नाही तिलाच बसवलं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी बोलता बोलता आपली पहिली शिलाई, पहिला शर्ट आणि पहिला फजितीचा कोट, सगळं सांगून टाकलं. मग सिस्टर वाकली तेव्हा त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली आणि ते वहिनींकडे बघून म्हणाले, 'चजेमो चगळेवे.'

सिस्टरने झडप घालून डबी उघडली. सुई नळीला लागणार एवढ्यात वहिनी किंचाळल्या, थांबा, हा चावटपणा आहे. सिस्टर थांबली. मग वहिनींना सांगावं लागलं की तुझ्या दोन पायांत दोन तऱ्हेचे मोजे आहेत, एवढंच ते म्हणत आहेत. सिस्टरने खाली पाहिलं. ते खरंच होतं. ती हसली, पण मग खुर्चीत बसून तिने मास्तरांना चांगलं फैलावर घेतलं. सुई वाया गेली असती तर आजचा दिवस गेला असता. आणि खाट कायम त्यांच्या नावाने लिहून दिलेली नाही, बाहेर माणसं रांगेत आहेत. मास्तरांनी कान पकडले. या खोलीत पुन्हा च-ची भाषा नाही, असं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी झटका आला नाही. दुपारी औषध टाकून द्यावं लागलं. त्यानंतरच्याही दिवशी नाही. आठवडा संपत आला आणि डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या की उद्याचा दिवस बघू. मास्तरांचा आवाज बसला होता. सांगायचं असं काही राहिलं नव्हतं. वहिनी त्यांना जुनी गिऱ्हाइकं आठवून देत होत्या, आणि ते एकेकाचा खांदा कुठे उतरता होता ते सांगत होते.

शेवटच्या दिवशी मास्तर भावाबद्दल बोलायला लागले. एरवी ते तो विषय काढत नसत. भावाने त्यांच्या हातात पहिल्यांदा कात्री कशी दिली, चांगल्या लोकरी कापडावर. मास्तर म्हणत होते, मी म्हटलं, दादा, चुकलं तर? दादा म्हणाला, चुकलं तर लहान मापाचं शिवू, कापड कुठे पळून जातं. आणि मग मी खडूची रेघ धरली आणि, वहिनी, तेव्हा, तेवढी किनवी पालटून सांजरी घेतली का...

सूर तोच होता. चालही तीच. सिस्टरचा हात डबीकडे गेला आणि तिथेच राहिला. तिने वहिनींकडे पाहिलं. भिंतीवरच्या रेषा नेहमीसारख्या सरकत होत्या. मास्तर पुन्हा काहीतरी म्हणाले, शेवटी प्रश्न असल्यासारखं.

वहिनींनी या वेळी अक्षरं मागेपुढे करून पाहिली नाहीत. त्यांनी मास्तरांच्या डोळ्यांकडे पाहिलं. विनोद केल्यावर माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत थांबतो. हसू येतंय का, कुठवर आलंय, ते बघतो. मास्तर तर त्यासाठीच विनोद करायचे. पण हे डोळे वाट बघत नव्हते. ते वहिनींवर होते, आणि वहिनी त्यांच्यासाठी तिथे नव्हत्या.

'द्या,' वहिनी म्हणाल्या. 'आत्ता.'

सिस्टर कुजबुजली, 'नक्की ना? पडद्यावर काही नाही. पहिल्या दिवसासारखं...'

'मी सांगते ना. माझा दीर आहे तो. द्या.'

सिस्टरने दिली. पडद्यावरच्या रेषा त्यानंतर थरथरल्या आणि उंच उंच उसळायला लागल्या. मास्तरांचा उजवा हात आखडला. वहिनींनी तो दोन्ही हातांत धरला आणि तो सैल होईपर्यंत सोडला नाही. बाहेरून डॉक्टरीणबाई धावत आल्या, त्यांनी घड्याळ पाहिलं, रेषा पाहिल्या आणि सिस्टरच्या खांद्यावर थाप मारली. सिस्टर भिंतीला टेकून उभी होती. तिने मास्तरांसमोर पेन धरलं. हे काय? मास्तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ते... लिहायचं. घड्याळ धरलं. ते म्हणाले, ते फिरतं. मग कात्री आणली, बोथट, पट्ट्या कापायची. मास्तरांनी ती हातात घेतली नाही. डोळ्यांनीच टेबलाकडे खूण केली, तिथे ठेव म्हणून. वहिनींना तेव्हा रडू फुटलं.

चित्र रंगीत होतं. डॉक्टरीणबाईंनी ते खिडकीशी धरलं. कानशिलाच्या आत, पुढच्या टोकाला, एक लालभडक ठिपका होता. त्याच्या मागचा भाग काळसर निळा. तो मागचा भाग बोलण्याचा. वहिनींना वाटलं, काळा म्हणजे जळालेला. बाई म्हणाल्या, नाही, तोच तर शाबूत आहे. शेजारच्या घराला आग लागली की गल्लीतलं सगळं पाणी तिकडे ओढलं जातं आणि या घरातले नळ कोरडे पडतात. आग विझली की पाणी परत येतं. मास्तरांचे शब्द झटक्यात जात होते ते तहानेने. आग शेजारी होती, आणि शेजारी हात घालता येणार होता. अर्थात अगदी भिंतीला भिंत लागून. थोडीफार पडझड होईल, काही शब्द सांडतील. पण क्षण अचूक पकडला गेला म्हणून हे दिसलं, त्या म्हणाल्या. थोडा उशीर झाला असता तर दोन्ही घरं एकाच रंगात दिसली असती, आणि मी सुरी खाली ठेवली असती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मास्तर वहिनींना म्हणाले, उद्या शब्द उरतील की नाही काय सांगावं, म्हणून आजच सांगून ठेवतो. वहिनींना वाटलं दुकानाबद्दल काही असेल.

'तुम्ही हसत होता ते मनाला लावून घेऊ नका, वहिनी. पहिल्याच दिवशी तुम्ही घाबरला असतात तर मी घरी बसलो असतो. कापलं असतं का मी एवढं? तुम्ही हसलात, म्हणून मी एवढी वर्षं दुकानात उभा राहिलो.'

वहिनींनी पदराने नाक पुसलं आणि म्हणाल्या की झोपा आता, डोक्याला आराम द्या, उद्या त्याचं काम आहे.

पडझड झाली. पहिले काही आठवडे मास्तरांसाठी जगातली प्रत्येक वस्तू बटण होती. पाण्याचं बटण द्या. दाराचं बटण लावा. दातांचे डॉक्टर भेटायला आले, तर मास्तर त्यांना प्रेमाने 'या, बटण' म्हणाले. मग एकेक शब्द परत आला, काही पाहुण्यासारखे दार वाजवून, काही मागच्या दाराने. झटका मात्र आला नाही. वर्ष उलटलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली आणि वहिनींनी मशीनच्या खणातली कात्री काढून टेबलावर ठेवली. हातात दिली नाही. मास्तरांनी ती उचलली.

एकच गोष्ट परत आली नाही. अक्षरं मागेपुढे करायला गेलं की मास्तरांचा गुंता व्हायचा. चोरटी भाषा गेली ती गेलीच. त्यावर त्यांनी साधा तोडगा काढला. जे सांगायचं ते ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगू लागले. साहेब, पोट सुटलंय, दोन बोटं जास्त धरतोय. गंमत म्हणजे कुणाला राग आला नाही. डोक्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसावर कोण रागावणार, असं वहिनी म्हणत, आणि भावजी त्याचा पुरेपूर फायदा घेतात, असंही म्हणत. दिवसभर त्यांचं तोंड चाले. वहिनी मशीनवरून ते ऐकत. मध्येच पायडल थांबवून त्या नुसतं ऐकत बसत. पूर्वी त्या म्हणायच्या, भावजी, जरा श्वास घ्या. आता कधी म्हणाल्या नाहीत.

सिस्टरचं ऋण मात्र मास्तरांच्या मनात होतं. पहिल्या दिवशी आपण तिला फसवलं होतं, तरी तिने ऐकलं, असं ते म्हणत. ती काही घ्यायला तयार नव्हती, इस्पितळाचा नियम. शेवटी कापड तिचं आणि शिवण मास्तरांची, असं ठरलं. तिने जांभळं लोकरी कापड आणलं, थंडीत कामावर जाताना घालायला कोट. मास्तर एरवी एका ट्रायलमध्ये कोट बसवत. हिच्या कोटाच्या ट्रायल संपेनात. बगलेत मुंढा जरा सैल करायचाय, परत या. कॉलर बसली नाही, परत या. वहिनींना सगळं दिसत होतं. कॉलर उत्तम बसली होती. सिस्टरलाही कळत असावं. ती ड्यूटी संपवून यायची, कोट अंगात घालून आरशासमोर उभी राहायची, आणि मास्तर टाचण्या तोंडात धरून तिला दिवसभराचं सांगायचे. वहिनी म्हणत, तोंड चाललं तेवढा हात चालला असता तर आतापर्यंत या पोरीचे चार कोट झाले असते.

एका सकाळी मास्तर अस्तर लावायला बसले. उजव्या बाहीचं झालं. डाव्या बाहीला दोरा संपला. ते उठले, वहिनींना म्हणाले की बाहीला हात लावू नका, मी आलोच, आणि समोर दोरेवाल्याकडे गेले.

पुढचं दोरेवाल्याने सांगितलं. मास्तर स्टुलावर बसले. त्यांनी रीळ उजेडात धरलं. हा वांगी रंग झाला, मला जांभळा हवा, तुला इतकी वर्षं दोरे विकून फरक कळत नाही का, असं ते त्याला सुनावत होते. पुढे म्हणाले, सिस्टरचा कोट आहे, उन्हात गेली की शिवण वेगळी दिसेल. मग मान भिंतीला टेकली. दोरेवाल्याला वाटलं, दम घेत आहेत. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. मेंदूचा काही संबंध नव्हता.

येणारे-जाणारे वहिनींना काय काय विचारत होते. वहिनींनी दोरेवाल्याला एकच विचारलं. शेवटी बोलत होते ते नीट होतं का? सगळं कळत होतं का?

दोरेवाला म्हणाला, 'एकेक शब्द, वहिनी. चांगलं खडसावत होते मला.'

वहिनींनी मान हलवली. मग बराच वेळ त्याचा हात हातात धरून बसल्या, त्याने काहीतरी मोठी वस्तू आणून दिली असल्यासारख्या.

कोट टेबलावर आहे. सिस्टर दोनदा येऊन गेली. घाई नाही म्हणाली, आणि वहिनींजवळ बसून राहिली. दोरेवाल्याने स्वतः फिरून नवी रिळं आणून दिली. वहिनींनी ती एकेक करून दारात, उन्हात धरून पाहिली. सगळी वांगी निघाली. डाव्या बाहीचं अस्तर मास्तरांनी पांढऱ्या कच्च्या टाक्यांनी मनगटापर्यंत टाचत आणलं होतं. पक्का टाका अजून घालायचा आहे.